मुलाखतीला निघालेली लेक आणि पारावरची नजर

हरभरा काढणीला येतो, गहू पिवळा पडू लागतो, त्याच सुमारास गावातल्या एखाद्या शिकलेल्या लेकीला मुलाखतीचं बोलावणं येतं. बी.एस्सी. कृषी झालेली असते, नोव्हेंबरात 'कॅट'ची परीक्षा दिलेली असते, आता कृषी व्यवसाय व्यवस्थापनाच्या प्रवेशासाठी परगावी जायचं असतं. घरात आनंद होतो, तो तासभर. मग एकच प्रश्न सुरू होतो, घालून काय जायचं? आई म्हणते, साडी नेस. भाऊ म्हणतो, तिथं सगळ्या कोट घालून येतात. चुलते म्हणतात, पॅण्ट घालून स्टँडवर उभी राहिलीस तर लोक काय म्हणतील? आणि जिची मुलाखत, तिला कुणीच विचारत नाही.

शेतकरी बंधूंनो, शेतीच्या पानावर हा कपड्यालत्त्याचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्याच मालाचा बाजार, आपलीच सहकारी संस्था, आपलंच बी-बियाणं यांचं शिक्षण घ्यायला आपलीच पोर निघाली असेल, तर तिच्या वाटेतला काटा काढणं हेही शेतीचंच काम आहे.

आधी एक गोष्ट साफ करू. मुलाखत सगळीकडं नसते. आपल्या राज्यात इंजिनिअरिंग आणि बी.एस्सी. कृषीचे प्रवेश सी.ई.टी.च्या गुणांवर होतात, डॉक्टरकीचे 'नीट'वर. तिथं फक्त कागदपत्रं तपासतात. स्वच्छ, साधे कपडे असले की झालं. मुलाखत असते ती हैदराबादची 'मॅनेज', पुण्याची वैकुंठ मेहता सहकारी व्यवस्थापन संस्था, गुजरातेत आणंदला डॉ. कुरियन यांनी 1979 साली उभी केलेली 'इर्मा' अशा ठिकाणी. समोर तीन-चार जाणती माणसं बसतात आणि थोड्या वेळात पोरीला पारखतात. एवढ्याशा वेळेसाठी घरात आठ-आठ दिवस कपड्यांची पंचाईत चालते.

माझ्या घरचंच सांगतो. पुतणीला असंच एका संस्थेचं बोलावणं आलं. कांद्याची पट्टी नुकतीच आली होती. आम्ही थोरामोठ्यांनी ठरवलं, पोर कुठं कमी दिसायला नको. शहरात नेऊन कोट-पॅण्टचा जोड घेतला, उंच टाचेच्या चपला घेतल्या. जन्मात तिनं असं काही घातलं नव्हतं. परत आली ती पायाला फोड घेऊन. म्हणाली, "काका, चाळीतला कांदा का सडतो, हे विचारलं त्यांनी. आपल्या चाळीवर मी लहानपणापासून कांदा निवडलाय. पण सगळं लक्ष त्या कोटाच्या बाह्यांकडं. दोन वाक्यं बोलले आणि गप्प झाले."

निवड झाली नाही. ती कोटामुळं झाली नाही, असं मी म्हणणार नाही. तयारीही कमी पडली असेल. पण जो प्रश्न तिच्या घरचा होता, तोच तिला सुटला नाही. हे माझ्या मनाला फार लागलं, कारण कोटाचा हट्ट आम्हा मोठ्यांचा होता. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा गेली. या खेपेला कॉलेजात वापरलेला फिक्या निळ्या रंगाचा सुती पंजाबी ड्रेस, खांद्याला पिन लावलेली ओढणी आणि पायात रोजचेच सँडल. जागा मिळाली. ती वर्षभराच्या अभ्यासानं मिळाली, ड्रेसनं नव्हे. पण त्या दिवशी कपडा आडवा आला नाही, एवढं खरं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. मुलाखतीचा कपडा असा हवा, की एकदा अंगावर चढला की त्याची आठवणच राहू नये. साडीची सवय असेल तर साडी, पंजाबी ड्रेसची असेल तर तो, शर्ट-पॅण्टची असेल तर शर्ट-पॅण्ट. यातलं एक सभ्य आणि दुसरं असभ्य, असं काही नाही. बोलावण्याच्या पत्रात 'फॉर्मल' शब्द असला म्हणून घाबरू नका. नीटनेटका, साध्या रंगाचा, अंगाला बरोबर बसणारा पोशाख, एवढाच त्याचा अर्थ. पत्रात वेगळी सूचना असेल तर मात्र ती पाळावी.

बियाणं घेताना आपण पिशवीच्या झगमगाटाला भुलत नाही, उगवणशक्ती बघतो. पण पिशवी फाटकी, ओली असेल तर दुकानदाराला परतही करतो. तसंच हे. भारी कपड्यानं गुण वाढत नाहीत, मात्र चुरगळलेल्या, बटण तुटलेल्या कपड्यानं पहिलंच मत बिघडतं. तेव्हा थोडी व्यवहाराची गोष्ट. कपडा घरी दोन वेळा घालून बसून-उठून बघावा. नवी चपला-सँडल असेल तर आठवडाभर आधी वापरायला काढावी. गावची लाईट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा इस्त्री आदल्या दिवशी दुपारीच उरकावी. एस.टी.च्या प्रवासाला दुसरे कपडे घालावेत, मुलाखतीचे पिशवीत घडी करून न्यावेत आणि तिथं पोचल्यावर बदलावेत. दोन सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि कंगवा जवळ असू द्यावा. खणखणणाऱ्या बांगड्या, घसरणारा पदर, ज्याला सारखा हात लावावा लागतो ते सगळं घरी ठेवावं. आणि ऋण काढून सण करू नये. त्या पैशात जाण्या-येण्याचं तिकीट आणि आदल्या रात्रीचा मुक्काम होतो. रात्रभर प्रवास करून थेट मुलाखतीला बसण्यापेक्षा तो मुक्काम जास्त उपयोगी पडतो.

आता पारावरच्या मंडळींना दोन शब्द. उसाच्या फडात, कपाशीच्या वेचणीला आपल्या बाया साडीवर घरधन्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात. पाचट अंगाला कापू नये, ऊन लागू नये म्हणून. त्यांना कुणी बोट दाखवत नाही, कारण तो कामाचा कपडा आहे हे सगळ्यांना कळतं. मग तीच लेक शिक्षणाच्या कामाला शर्ट घालून निघाली, तर स्टँडवर माना का वळतात? सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 सालच्या आदेशानंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी मुलींना खुली झाली. तिथल्या निवडीत मुलाखतीबरोबर मैदानावरच्या चाचण्याही असतात. तिथं पोरीनं काय पदर खोचून दोर चढायचा? काम बघून कपडा ठरतो, आणि हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको.

सावित्रीबाई 1848 साली पुण्याच्या भिडे वाड्यात शिकवायला निघाल्या, तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकणारी माणसं होती. शाळेत पोचल्यावर बदलायला त्या दुसरं लुगडं जवळ बाळगत. आज शेण कुणी टाकत नाही, शब्द टाकतो. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या. तिथल्या कॉलेजातला 1885 सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई साडीत, शेजारी जपानची विद्यार्थिनी किमोनोत आणि सीरियाची तिच्या देशाच्या पोशाखात. तिघींनी आपापल्या कपड्यात विद्या घेतली. तेव्हा साडी नेसून गेलेल्या पोरीला गावंढळ म्हणणारे आणि पॅण्ट घातलेलीला बिघडली म्हणणारे, दोघंही एकाच माळेचे मणी.

मुलाखत घेणाऱ्यांनाही सांगणं आहे. समोरची मुलगी कुठल्या कपड्यात आली यापेक्षा कुठल्या वाडीवरून, किती गाड्या बदलून आली, याचा विचार व्हावा. तिचं इंग्रजी अडखळत असेल. तिच्या बांधावरचा अनुभव अडखळत नाही.

आणि सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तसंच ज्यांना आपण अजून तलाठी भाऊसाहेबच म्हणतो ते ग्राम महसूल अधिकारी, यांनी पोरीच्या कपड्यांची नव्हे, कागदांची काळजी करावी. राज्य शासनानं 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना राज्यातल्या व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ केलं आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला लागू आहे. पण उत्पन्नाचा दाखला वेळेत हातात नसेल तर त्या माफीचा काय उपयोग? आता काही मुलाखती मोबाईल-संगणकावरही होतात. घरात माणसांची ये-जा, नेट तुटक. अशा वेळी ग्रामपंचायतीची एक शांत खोली तासभर तिला उघडून द्या, उजेड आणि नेट आहे का बघा, आणि दाराशी गर्दी होऊ देऊ नका. याला ठराव लागत नाही, मन लागतं.

तेव्हा येत्या हंगामात घरात, भावकीत, शेजारात एखादी लेक मुलाखतीला निघाली, तर तिला आधी विचारा, "पोरी, तुला कशात बरं वाटतं?" ती सांगेल तो कपडा नीट इस्त्री करून द्या, एस.टी.त बसवून द्या आणि आपल्या कामाला लागा. पुढचं ती बघून घेईल.