वेग किती, ते मैदानाला विचारा

मंडळी, आज जरा गेमिंगचा विषय. ज्यांनी कॉलेजच्या होस्टेलवर रात्र-रात्र जागून 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3' खेळलाय, त्यांना लगेच कळेल. बाकीच्यांनी बुद्धिबळ डोळ्यासमोर आणलं तरी चालेल.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. तुकडीचा वेग हा आकडा नुसता बघून काहीच कळत नाही. ती तुकडी समोरच्याच्या अंगावर कितव्या फेरीला पोचते, तो खरा वेग.

1999 साली आलेल्या हीरोज 3 मध्ये लढाईचं मैदान 15 बाय 11 षटकोनी घरांचं. दोन्ही फौजा दोन टोकांना. समोरचा हललाच नाही असं धरलं तर त्याला भिडायला सरळ रेषेत 13 घरं जावं लागतं. आता गणित करा. भालाईताचा वेग 4, म्हणजे चौथ्या फेरीला पोचणार. घोडेस्वाराचा 7, दुसऱ्या फेरीला. एंजलचा 12, तोही दुसऱ्याच फेरीला! आणि आर्कएंजलचा 18, पहिल्याच फेरीत गळ्याशी. म्हणजे 7 आणि 12 मधला पाच घरांचा फरक इथे जवळजवळ वाया, पण 12 आणि 13 मधल्या एका घरावर अख्खी लढाई फिरते. मैदान दोन घरांनी मोठं असतं, तर ही रेघ 15 वर सरकली असती.

त्यात गंमत म्हणजे हीरोज 3 मध्ये आधी कोणी खेळायचं हेही वेगच ठरवतो. एकाच व्हेरिएबलला दोन कामं. ऑफिसात कोणी असा कोड लिहिला तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढू. 2006 च्या पाचव्या भागात ही दोन कामं वेगळी आहेत, ते बरंच झालं. पण तिसऱ्या भागाच्या लोकांना मैदानाचं भान नव्हतं असं मुळीच नाही. दहा घरांपलीकडे बाण मारला की नुकसान निम्मं. घोडेस्वार जितकी घरं दौडत येईल, तितका त्याचा घाव दर घरामागे 5 टक्क्यांनी वाढतो. हे दोन्ही नियम लांबीवर जगतात. हेच मैदान 9 घरांचं केलंत, तर पहिला नियम मेलाच आणि दुसरा अर्धमेला.

हा प्रश्न कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा आहे. मी मूळचा औंधचा (पुण्यातलं नव्हे हो, सातारा जिल्ह्यातलं, यमाईचं!). तिथून सांगली काही फार लांब नाही, आणि सांगली म्हटलं की बुद्धिबळ आलंच. जुन्या शतरंजमध्ये वजीर तिरका एकच घर चालायचा आणि उंट तिरकी बरोबर दोन घरं उडी मारायचा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात दोघांनाही मोकाट सोडलं. पट मात्र तोच, 64 घरांचा. खेळाचं रूपच पालटलं. चार-पाच चालींत मात होऊ लागली. आपल्याकडच्या देशी बुद्धिबळात मात्र प्यादं विसाव्या शतकातही पहिल्या चालीला एकच घर सरकत होतं. पट एक, वेग दोन, आणि खेळही चक्क दोन.

आता आमचं भांडण. मी आणि एक मित्र शनिवार-रविवारी असाच एक छोटा गेम लिहितोय. भालाईत, तिरंदाज, घोडेस्वार आणि उडणारा वेताळ. मित्राला मोबाइलवर बोटानं नीट दाबता यावं म्हणून मैदान 9 घरांचं हवंय. कबूल. पण 9 घरांच्या मैदानात भिडायला 7 च घरं लागतात, म्हणजे वेग 4, 5 किंवा 6 ठेवा, सगळे दुसऱ्याच फेरीला पोचणार. आणि 7 चा वेताळ पहिल्याच फेरीत तिरंदाजाच्या डोक्यावर. मग तिरंदाज घ्यायचा कुणी आणि कशाला?

यावर मित्राचा मुद्दा असा की मोठ्या मैदानात माणूस कंटाळतो, तीन फेऱ्या नुसतं चालायचं! त्यात तथ्य आहे. रिकामं मैदान मोठं करणं हा उपाय नव्हेच. ओढा, दगड, कुंपण टाका, म्हणजे चालण्यातही निर्णय येतो. माझा ठोकताळा असा: सगळ्यात वेगवान तुकडी पहिल्या फेरीत भिडता कामा नये, सगळ्यात मंद तुकडी पाचव्या फेरीच्या आत भिडलीच पाहिजे. या दोन अटी आधी लिहा, मग मैदान ठरवा, आणि वेग सगळ्यात शेवटी.

आपल्या मराठी पोरांनी हे मनावर घ्यावं असं मला का वाटतं, तर आपला इतिहासच या गणितावर उभा आहे. 1728 साली पालखेडला बाजीरावानं निजामाला शेकडो मैल फिरवलं, त्याच्या जड तोफा मागे पडल्या, आणि शेवटी पाणी-रसद तोडून त्याला कोंडलं. तिथे मैदान म्हणजे अख्खं दख्खन होतं. 1761 ला पानिपतावर मराठी घोडदळ होतंच, पण सोबत तोफा, हजारो बिनलढाऊ माणसं आणि महिनोन्‌महिन्यांची कोंडी. घोडा तोच, दौडायला जागा नाही.

उद्या कोणी गनिमी काव्यावर गेम काढला आणि घोडेस्वाराला नुसता वेग 9 देऊन चिमुकल्या पटावर सोडला, तर तो गनिमी कावा नव्हे, नुसती धक्काबुक्की होईल. पळून जाता येणं, हुलकावणी देता येणं, समोरच्याला दमवता येणं, हे सगळं वेगातच मोडतं, आणि त्याला जागा लागते.

बघा पटतंय का. नसेल पटत तर भांडायला या, पण येताना कागदावर फेऱ्या मोजून या :-)