वन्समोअरसाठी दीडशे किलोमीटर

नाटकाच्या तिकिटाची तुलना पेट्रोलच्या बिलाशी करायची नाही, हा पहिला फंडा. यवतमाळात राहून संगीत नाटकाचा शौक जोपासायचा असेल तर तो पाठच करून ठेवा. पुण्या-मुंबईच्या मंडळींचं बरं असतं. ऑफिस सुटलं, रिक्षा पकडली, वडापाव हाणला की तिसऱ्या घंटेला खुर्चीत! आपल्याकडे आधी गाडी कोणाची, मग रात्रीच परतायचं की मुक्काम करायचा आणि शेवटी घरी काय सांगायचं, असं तीन अंकी नाटक पडदा उघडण्याआधीच होऊन जातं.

तरीही जायचंच. आणि पहिलंच संगीत नाटक बघणार असाल तर 'कट्यार काळजात घुसली' बघा. कारण हे नाटक आपलं आहे. आपलं म्हणजे अगदी आपल्या रेल्वेलाइनवरचं!

गंमत बघा. मराठी संगीत नाटकाचा खरा शुभारंभ झाला तो 'शाकुंतल'ने. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आणलं. आणि आपल्या यवतमाळच्या नॅरोगेज गाडीचं नाव काय, तर शकुंतला! तिच्या वेगाचे किस्से घरोघरी आहेत. चालत्या गाडीतून उतरून, दोन बोरं तोडून पुन्हा चढता येतं असं सांगणारा एक तरी काका प्रत्येकाच्या खानदानात असतो. गाडी आता बंद आहे, पण तिचा शेवटचा थांबा आठवा. मूर्तिजापूर. तिथेच २ मे १९२० रोजी वसंतराव देशपांडे जन्मले. 'कट्यार'मधले पहिले खाँसाहेब. म्हणजे रुळाच्या या टोकाला आपण आणि त्या टोकाला खाँसाहेब. मधलं अंतर सव्वाशे किलोमीटरही नाही.

वसंतरावांचं गाणं थोर, हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्यासारख्या नोकरदारांनी मात्र त्यांचा बायोडेटाही वाचावा. नागपुरात लहानाचा मोठा झालेला, शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेला हा माणूस पुण्यात कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करत होता. दिवसा फायली आणि संध्याकाळी तानपुरा. १९६७ मध्ये नाट्यसंपदेने 'कट्यार' रंगमंचावर आणलं तेव्हा त्यांचं वय होतं ४७. आपण तिशीतच 'आता कुठे वेळ मिळतो रे' म्हणतो ना, म्हणून आठवण करून दिली.

नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच, रंजन कला मंदिरवाले. पदंही त्यांचीच. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचं. निर्मितीमागे प्रभाकर पणशीकर. भार्गवराम आचरेकर पंडितजी, प्रसाद सावकार सदाशिव आणि फैयाज झरीना. टीम एकदम सॉलिड!

गोष्ट अनेकांना २०१५ च्या सिनेमामुळे ठाऊक आहे. संस्थानात दरवर्षी गाण्याचा मुकाबला. जिंकेल तो राजगायक, त्याला हवेली आणि मानाची कट्यार, आणि त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. पंडितजींची जागा खाँसाहेब घेतात. पंडितजींकडे शिकायला आलेल्या सदाशिवला गुरूच सापडत नाही. मग तो खाँसाहेबांच्या हवेलीत नोकर होऊन राहतो आणि त्यांची गायकी चोरून कानात साठवतो. कला घराण्याच्या कुलपात ठेवायची, की ऐकेल त्याला द्यायची? सगळी झटापट या एका प्रश्नासाठी.

'सिनेमा पाहिला, आता नाटक कशाला?' हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्येही आला होता. काही वर्षांपूर्वी नागपूरला प्रयोग लागला तेव्हा आम्ही पाच जण निघालो. एक बँकेतला, एक झेडपीचा मास्तर, एक पुण्याहून सुट्टीवर आलेला आयटीवाला, एक कृषी केंद्र चालवणारा आणि मी. कृषी केंद्रवाल्याचं म्हणणं साधं होतं. "काऊन बे, गाणे आयकाले नागपूरले जाचं? यूट्यूबवर फुकट हाये ना!" कळंब येईपर्यंत तो हेच म्हणत होता. देवळीच्या चहानंतर जरा निवला. बुटीबोरीला परत सुरू!

मग पहिली घंटा झाली. दुसरी. तिसरी. दिवे गेले, समोरून ऑर्गनचा सूर आला आणि नांदी सुरू झाली. आमच्या रांगेत एकाएकी कोणीच काही बोलेना.

यूट्यूबवर काय मिळत नाही, ते तिथे कळतं. सिनेमात खाँसाहेबांचा चेहरा सचिन पिळगावकरांचा आणि गळा राहुल देशपांड्यांचा. रंगमंचावर असली वाटणी नाही. ज्याने संवाद म्हणायचा, त्यानेच त्या संवादाच्या शेवटी सूर लावायचा. धाप लागलेली असो, डोळ्यांत पाणी असो, सूर तिथल्या तिथे लागला पाहिजे. तबलजी गायकाच्या तोंडाकडे बघत असतो, कारण आज तो किती ताना घेणार हे गायकालाही नक्की ठाऊक नसतं. काल घेतलेली जागा आज येईलच असं नाही. आज आली तर ती आपल्याच वाट्याची. रिवाइंड नाही.

'कट्यार'मध्ये एक पद दोन चालींत येतं. शब्द तेच. पंडितजींची चाल ठाय, शांत. खाँसाहेबांची वेगवान, चमकणारी. कारमध्ये ऐकताना आपण फार तर 'अरे, दोन व्हर्जन आहेत' म्हणतो. थिएटरात ती दोन माणसं समोर दिसतात. एक गाण्यापुढे वाकलेला, दुसरा गाण्याला वाकवायला निघालेला. आणि आपल्याला दोघेही आवडतात, ही खरी पंचाईत. मग टाळ्या. मग मागून आवाज, "वन्समोअर!" गायक हात जोडतो, ऑर्गनवाल्याकडे बघतो आणि पुन्हा उचलतो. ते पुन्हा गाणं आधीसारखं नसतं. ते मागणाऱ्यांसाठी असतं. त्या दिवशी दुसऱ्या अंकात आमच्या रांगेतून सर्वांत मोठ्या आवाजात कोण ओरडलं असेल, ओळखा पाहू. कृषी केंद्र!

परतीच्या वाटेवर गाडीत गाणी लावली नाहीत. सेलू गेलं, वर्धा गेलं. मग कृषी केंद्रवाला म्हणाला, "तो सदाशिव आपलाच पोरगा वाटते बे." कोणी हसलं नाही.

खरं आहे ते. आपण सगळे थोडेफार सदाशिवच. गुरू मोठ्या शहरात, मैफल मोठ्या शहरात, आपल्या वाट्याला दाराबाहेरून ऐकणं. आधी रेडिओ, मग कॅसेट, आता मोबाइल. बँकवाल्याने शाळेत असताना गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या. बारावीत पेटी माळ्यावर गेली, मग क्लास, मग डिग्री, मग आयबीपीएस. त्या रात्री तो वसंतरावांच्या हिशेब खात्याबद्दलच विचारत राहिला. पुढच्या रविवारी पेटी माळ्यावरून उतरली. भाता फाटला होता, दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. दुरुस्तीला नागपूरलाच न्यावी लागली. हल्ली तो शाखेतून घरी आला की अर्धा तास वाजवतो. शेजारी अजून तरी तक्रारीला आलेले नाहीत.

आता मुद्द्याचं बोलू. संगीत नाटक गावात आपोआप येत नाही. नट, गायक, साथीदार, ऑर्गन, नेपथ्य, सगळ्यांचा प्रवास आणि मुक्काम. स्थानिक आयोजक एवढा खर्च कधी उचलेल? खुर्च्या भरतील अशी खात्री असेल तेव्हाच. १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरेंच्या अध्यक्षतेखाली यवतमाळात साहित्य संमेलन झालं. म्हणजे मोठा मांडव घालणं या गावाला जमतं. प्रश्न उरतो तो एरवीच्या शनिवारच्या संध्याकाळचा. नाट्यगृहात पांढरे केस जास्त दिसतात अशी कुरकुर आपण करतो. काळे केस घेऊन आपण किती वेळा गेलो, हेही मोजूया की!

आणि फक्त नागपूरकडेच बघायला हवं असंही नाही. वणीच्या पुढे चंद्रपूर आणि तिथून पुढे झाडीपट्टी. दिवाळीनंतर होळीपर्यंत तिथे गावोगाव रात्र-रात्र नाटकं चालतात. वडसा हे त्यांचं केंद्र. मंडप, गारठा, घोंगडी आणि समोर लाइव्ह गाणं. आपल्याच जिल्ह्यात दिवाळीला गोंड-कोलाम वस्त्यांवर दंडार रंगते. ढोल जवळून ऐकलात तर होम थिएटरचा नाद सोडाल.

तर या सीझनला एक करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'भेटू रे कधीतरी' लिहिण्याऐवजी प्रयोगाची तारीख टाका. पाच जणांची गाडी भरा. त्यात एक जण तरी असा घ्या ज्याला संगीत नाटक बोअर वाटतं. डबा घ्या, स्वेटर घ्या, फोन सायलेंटवर टाका. पद आवडलं तर लाजू नका, ओरडा. पुढच्या खेपेला ते नाटक आपल्या गावात यायचं असेल, तर वन्समोअर कोणीतरी मागायला लागतो. तो आवाज यवतमाळचा का नसावा?