आधी संघटना गेली, मग हक्क

अलेक्झांड्रा कोलोन्तायचं नाव निघालं की अनेकांना ‘पाण्याचा पेला’ एवढंच आठवतं. तहान लागली की पाणी प्यावं तशी लैंगिक भूक भागवावी, असं म्हणे ती सांगायची. प्रत्यक्षात १९२३ साली तरुण कामगारांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात तिनं जवळजवळ उलटंच मांडलं आहे : प्रेमात मैत्री हवी, आदर हवा, मालकी नको. पण बाईचं लेखन वाचण्यापेक्षा तिच्या चारित्र्याची चर्चा करणं नेहमीच सोपं जातं!

मैत्रिणींनो, तिच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे.

१८७२ साली सेंट पीटर्सबर्गच्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरात ती जन्मली. १८९६ मध्ये तिनं नार्वा इथली क्रेनहोल्म कापड गिरणी आणि तिथल्या कामगारांचं जिणं पाहिलं. दोन वर्षांनी नवरा आणि लहान मुलगा मागे ठेवून ती झुरिचला शिकायला गेली. स्त्रीप्रश्नाच्या सामाजिक पायाविषयीचं तिचं पुस्तक १९०९ साली आलं. खानदानी बायकांच्या मागण्यांनी गिरणीतल्या बाईचं भागणार नाही, असं त्यात तिनं ठासून सांगितलं. त्याच वेळी पक्षातल्या पुरुषांशीही ती भांडत होती. ‘क्रांती झाली की बायकांचं आपोआप होईल’ हे तिला मान्य नव्हतं. बायकांमध्ये वेगळं काम करायला हवं हा तिचा आग्रह, आणि ‘यानं कामगारांत फूट पडेल’ हा त्यांचा आक्षेप. हा वाद आपल्यालाही काही नवा नाही.

१९१७ च्या क्रांतीनंतर ती समाजकल्याण खात्याची प्रमुख झाली. १९१८ च्या कायद्यानं नोंदणी विवाह आणि सोपा घटस्फोट आला, लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलांना समान हक्क मिळाले. १९१९ मध्ये पक्षाचा स्त्री-विभाग, झेनोत्देल, उभा राहिला. इनेसा आर्मांद त्याची पहिली प्रमुख. १९२० मध्ये ती वारली आणि जबाबदारी कोलोन्तायवर आली. त्याच वर्षी गर्भपात कायदेशीर झाला. पाळणाघरं, सार्वजनिक स्वयंपाकघरं, धुलाईघरं यांसाठी हा विभाग झटत होता. गिरणीतल्या आणि खेड्यातल्या बायका आपल्या प्रतिनिधी निवडायच्या, आणि त्या प्रतिनिधी कारभार शिकायच्या.

पुढं काय झालं ते नीट पाहू या. १९२१ मध्ये कोलोन्तायनं ‘कामगार विरोधी गटा’ची बाजू घेऊन पक्षातल्या नोकरशाहीवर पुस्तिका लिहिली. १९२२ मध्ये तिचं विभागातलं पद गेलं आणि तिला नॉर्वेला वकिलातीत धाडण्यात आलं. १९३० मध्ये स्त्री-विभागच बंद झाला. आता वेगळ्या विभागाची गरज उरली नाही, असं कारण दिलं गेलं. आणि १९३६ मध्ये गर्भपातावर बंदी आली, घटस्फोट महाग झाला. मसुदा चर्चेसाठी छापला तेव्हा अनेक बायकांनी विरोधाची पत्रं लिहिली होती. राहायला जागा नाही, शिक्षण अर्धवट राहील, अशा त्यांच्या अडचणी होत्या. तरी कायदा झाला. पत्रं होती, पण ती एकेकटीची होती. त्यांच्यामागं उभी राहणारी संघटना सहा वर्षांपूर्वीच मोडली होती.

कोलोन्ताय तेव्हा स्वीडनमध्ये राजदूत होती. तिचे जुने सोबती मारले गेले. ती गप्प राहिली आणि १९५२ मध्ये मॉस्कोत वारली. या गप्प बसण्याला भीतीचं कारण होतं हे मान्य केलं, तरी त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. तिच्या विचारातही एक फट होती. मातृत्व हे समाजाप्रती कर्तव्य आहे, असं ती मानायची. गर्भपाताचा हक्क तिच्या लेखी परिस्थिती सुधारेपर्यंतची सोय होती. बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क, असं तिनं म्हटलं नाही. बंदी घालणाऱ्यांना नेमकी हीच फट सापडली. घरकाम घराबाहेर न्यावं हे तिनं मांडलं, पण पुरुषानं भांडी घासावीत यावर भर दिला नाही.

मग तिचा वारसा कोणता? माझ्या मते, घरकाम आणि मूल वाढवणं ही सगळ्या समाजाची जबाबदारी आहे हा तिचा विचार, आणि स्वतंत्र संघटनेचा आग्रह. कायदा झाला की आपण थोड्या सैलावतो. वस्तीतली बैठक बंद पडते, कारण ‘आता समिती आहे, हेल्पलाइन आहे’. वरून मिळालेला हक्क वरूनच काढून घेता येतो. तो टिकतो तो बायका एकत्र जमतात तोवर. म्हणून ‘आता वेगळ्या महिला संघटनेची गरज काय?’ असं कोणी, अगदी आपल्या बाजूचं माणूसही, विचारू लागलं, तर त्याला १९३० आणि १९३६ ही दोन सालं सांगा, आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरवा.