रस्त्यावर डोळा, ठाण्यात अंधार

१३ मे २००८ रोजी सायंकाळी जयपूरच्या तटबंदीच्या आतील शहरात सायकलींवर ठेवलेले बॉम्ब एकामागून एक फुटले. जोहरी बाजार, त्रिपोलिया, चांदपोलचे हनुमान मंदिर अशा गजबजलेल्या ठिकाणी ७१ जणांचा बळी गेला. तेव्हापासून सत्ता कोणाचीही असो, सुरक्षेचे उत्तर कॅमेऱ्यांच्या संख्येत देण्याचा प्रघात पडला. वसुंधरा राजे यांच्या कारकिर्दीत ‘अभय कमांड सेंटर’ उभे राहिले आणि पुढील सरकारांनीही ते चालविले. नागरिकांचा त्यास विरोध नव्हता. असण्याचे कारणही नव्हते.

मात्र याच राजस्थानात २०२५ मध्ये सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ जणांचा मृत्यू झाल्याचे वृत्त ‘दैनिक भास्कर’ने प्रसिद्ध केले आणि ४ सप्टेंबर रोजी न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. प्रश्न ठाण्यांतील कॅमेऱ्यांचा होता. रस्त्यावरच्या माणसावर नजर ठेवणारी यंत्रणा स्वतःच्या कोठडीवर नजर ठेवू देते काय, असा त्याचा सरळ अर्थ.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजीच सर्व काही सांगून ठेवले होते. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सर्वत्र कॅमेरे हवेत. ते अंधारातही टिपणारे आणि आवाज नोंदविणारे हवेत. चित्रण १८ महिने, ते न जमल्यास किमान एक वर्ष जपावे. यातील अखेरची अट सर्वांत महत्त्वाची. साधा रेकॉर्डर जागा भरली की जुने चित्रण पुसून त्यावर नवे नोंदवितो. तक्रारीची चौकशी महिन्यांनी सुरू होते; तोवर साठवण संपलेली असेल, तर भिंतीवरचा कॅमेरा चालू असूनही निरुपयोगी ठरतो. ‘कॅमेरा बिघडला होता’ हे उत्तर तर कोणाही ठाण्यास तोंडपाठ!

त्या आदेशात एक दुखरी जागाही आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखावर आहे, म्हणजे ज्याच्या कारभाराची तपासणी करावयाची त्याच्याच हाती पुरावा. देखरेखीसाठी राज्य व जिल्हा समित्या आहेत खऱ्या. परंतु राज्य समितीत गृह सचिव आणि पोलीस महासंचालक बसतात, जिल्ह्यात पोलीस अधीक्षक.

चित्रण हाती लागले तरी ते न्यायालयात टिकावे लागते. याचा धडा महाराष्ट्राने जालन्यात घेतला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, हा आक्षेप निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणावर उभा होता. त्याच वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्वाळा दिला, की मूळ यंत्र हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती अट कायम आहे. ते प्रमाणपत्र ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याच्याकडूनच मागावे लागते. ठाण्यातील चित्रणाच्या बाबतीत तो पुन्हा पोलीसच.

जयपूरच्या स्फोटमालिकेतील चार आरोपींना २०१९ मध्ये फाशी सुनावली गेली आणि मार्च २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने, तपासावर कठोर ताशेरे ओढीत, त्यांना निर्दोष सोडले. मृतांच्या कुटुंबीयांना न्याय मिळण्यात अडथळा ठरला तो तपासातील ढिलाईचा. ती ढिलाई केवळ उपकरणे खरेदी करून भरून निघत नाही. निविदा, उद्‌घाटन आणि संख्या यांची मात्र विधानसभेत हमखास चर्चा होते.

सप्टेंबर २०२५ च्या सुनावणीत खंडपीठाने मानवी हस्तक्षेपाविना चालणाऱ्या नियंत्रण कक्षाची कल्पना बोलून दाखविली. कॅमेरा बंद पडताच त्याची सूचना आपोआप मिळावी, हा त्यामागचा हेतू. ती सूचना गृहखात्याबाहेरच्या कोणत्या टेबलावर पोहोचणार, हे ठरविण्यास सरकारांना नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही.