डिफ्रॅग नावाचं कर्मकांड

शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी डिस्कला डिफ्रॅग, असा नेम पाळणारे बरेच लोक माझ्या ओळखीत आहेत. स्वतःच्या संगणकावर त्यांनी काय वाट्टेल ते करावं, माझी ना नाही. पण हल्ली हीच मंडळी बॅकअपची डिस्कही दर महिन्याला जोडून रात्रभर डिफ्रॅगला लावतात आणि वर 'आपण बॅकअपची काळजी घेतो' असं सांगत फिरतात. मला भांडायचंय ते या दुसऱ्या वाक्याशी.

एके काळी डिफ्रॅगला अर्थ होता, हे आधी मान्य करतो. विंडोज ९८ च्या काळात डिस्क लहान, कायम तुडुंब भरलेली. एकाच फाइलचे तुकडे चार गल्ल्यांत विखुरलेले. वाचणारं मुंडकं एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद घ्यायचं. ते तुकडे एका ओळीत आणले की मशीन खरंच हलकं व्हायचं. शिवाय पडद्यावर त्या रंगीत चौकटी सरकताना बघण्यात एक सुख होतं, खोटं कशाला बोला! पण २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोज हे काम वेळापत्रकानुसार आपलं आपण करतं, आणि ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांच्या वाटेलाच जात नाही, कारण ते जोडून हाती काही लागत नाही. एसएसडी असेल तर मुंडकंच नाही, तिथे डिफ्रॅग म्हणजे नुसती झीज. ज्यांनी ही सोय केली ते पुढे गेले. आपण अजून रंगीत चौकटींपाशी बसलोय.

आता बॅकअपची डिस्क. तिच्यावर फाइल एकदा लिहायची आणि वाचायची ती मुख्य डिस्क मेली तरच. त्या दिवशी तुकड्यांमुळे फोटो परत यायला वीस मिनिटं जास्त लागली, तर कोणाचं काय बिघडलं? घराला आग लागल्यावर बंबाच्या गाडीला पॉलिश केलंय का, असं कोणी विचारत नाही.

बरं, फायदा नाही पण तोटाही नाही, असं म्हणाल तर तेही खरं नाही. डिफ्रॅग म्हणजे प्रत्येक तुकडा उचलून दुसरीकडे लिहिणं. रॅम खराब असेल तर चांगली फाइल चुकीची लिहिली जाते, आणि कळतही नाही. बऱ्याच स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचं तर पुढची कौलंही उचलावी लागतात, म्हणून बिचारी रात्रभर कुरकुरते. आणि गंमत म्हणजे विंडोज त्या डिस्कवर जुन्या बॅकअपच्या ज्या 'शॅडो कॉपी' ठेवतं, त्या डिफ्रॅगमुळे उडू शकतात. हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. म्हणजे बॅकअपची निगा राखता राखता बॅकअपच गेला!

मग निगा म्हणजे काय? डिस्कवरची एखादी जुनी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघणं. एवढंच, पण नेमकं हेच कोणी करत नाही. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' च्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट होतच नव्हता हे तेव्हा कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या बाई बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती म्हणून. यातून दुसरी गोष्टही कळते : एक प्रत दुसऱ्या घरात हवी. आणि काम झालं की डिस्क काढून कपाटात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला तेव्हा संगणकाला जोडून ठेवलेल्या डिस्कही त्याने कुलूपबंद केल्या.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंकडे काकांनी लिहिलेल्या आठवणी आहेत, सव्वाशेच्या वर पानं. काका गेले. वार्षिक कराराचा माणूस दर तीन महिन्यांनी येऊन बॅकअपची डिस्क डिफ्रॅग करायचा, 'काकू, एकदम ओके आहे' म्हणायचा आणि सही घेऊन जायचा. ओकेच होती. एकही बाइट हरवलेला नव्हता. फक्त फाइल उघडली की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा दिसायचा. युनिकोडच्या आधीचा फाँट. तो फाँट जुन्या संगणकात होता आणि तो संगणक नवा घेताना भंगारात गेला. तुमच्याकडेही श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली पत्रं, लेख, पत्रिका असणारच. ती आजच युनिकोडमध्ये बदलून ठेवा, आणि मूळ फाँटची फाइलही त्याच डिस्कवर टाका. याला मी देखभाल म्हणतो.

काकूंच्या फाइलींसाठी आधी फाँट कुठला हे शोधण्यात एक आठवडा गेला. मग परिवर्तक मिळाला. त्यातून मजकूर आला, पण रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली. आता रोज संध्याकाळी काकू तासभर बसतात, मी वाचतो आणि त्या आठवून आठवून सांगतात, 'अरे, ते सातारा नाही, सासवड असणार.' चाळीस पानं झाली आहेत.