यंत्राचं खातं वेगळं काढा

तारजोड | राळेगाव

टाकी भरली, फाटक उघडलं, फ्रिजची लाइट गेली की पुण्यातल्या मुलाच्या मेलवर निरोप जावा, अशी जोडणी मागणारे आता राळेगावातही भेटतात. सामान फार लागत नाही: रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक, त्यावर होम असिस्टंट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि दोन-चार सेन्सर. अडतं ते शेवटी. मेल जातच नाही. पडद्यावर ५३५ हा आकडा येतो, म्हणजे नाव-पासवर्ड मान्य नाही. त्याच पासवर्डने ब्राउझरमध्ये मेल बिनबोभाट उघडतो, त्यामुळे चिडचीड आणखी वाढते.

यात सर्व्हरचं काही चुकत नाही. एसएमटीपी ही मेल पाठवायची पद्धत १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली, तेव्हा पाठवणाऱ्याला ‘तू कोण’ असं विचारायची सोयच तीत नव्हती. इंटरनेट मूठभर संशोधकांचं होतं, भरवशावर चालायचं. पुढे जाहिरातवाले परक्यांचे सर्व्हर वापरून कचरा ओतू लागले आणि १९९९ मध्ये या पद्धतीला ओळख पटवून घेण्याची जोड मिळाली. आता घरच्या कनेक्शनवरून परस्पर २५ नंबरच्या पोर्टाने मेल टाकायला गेलात तर बहुधा दार बंदच असतं. मेल द्यायचा तो ५८७ वर, टीएलएसचं सांकेतिक कुलूप लावून, नाव-पासवर्ड सांगून. तो पासवर्डही नेहमीचा चालत नाही. जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून ती वाट बंद केली. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग सोळा अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड काढून तो यंत्राला द्यायचा.

इथवर बहुतेक जण पोचतात. माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. हा अ‍ॅप पासवर्ड सर्रास वडिलांच्या खात्यातून काढला जातो. बँकेचं, विम्याचं, आधारचं सगळं ज्या खात्यावर येतं त्यातून. अ‍ॅप पासवर्डने मेल नुसता पाठवता येत नाही, वाचताही येतो. आणि तो पायच्या मेमरी कार्डवर साध्या अक्षरांत पडलेला असतो. अडलं की कारागीर त्याच फाइलचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर चार जणांना पाठवतो, हे तर वेगळंच.

दुसरं असं, की खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गूगल जुने अ‍ॅप पासवर्ड रद्द करतं. मुलगा सुट्टीत येऊन बाबांचा पासवर्ड बदलून जातो आणि घरचे निरोप गुपचूप थांबतात. टाकीतला फ्लोट लाटेवर वरखाली नाचायला लागला तर याच्या उलट होतं: फुकटच्या खात्याची दिवसाची ५०० मेलची मर्यादा संपते आणि बाबांचा स्वतःचा मेलही अडकतो. यंत्राचं खातं वेगळं असेल तर यातलं काहीच बाबांच्या अंगावर येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे लाइट. ‘लाइट गेली’ हा मेल लाइट गेल्यावर निघणार कसा? राउटरही बंद पडलेला असतो. पायला आणि राउटरला लहानसा यूपीएस नसेल तर तो निरोप लाइट आल्यावरच जाणार. यूपीएस असेल तर मात्र वीज कधी गेली, कधी आली याची तारीख-वेळेसकट नोंद मेलमध्ये जमत जाते. महावितरणकडे तक्रार करताना ती कामी येते.

विहिरीवरच्या मोटारीला मेल जोडायच्या भानगडीत मात्र पडू नका. तिथे सिमवाला मोबाइल स्टार्टरच बरा. तो फोन करतो. रात्रीच्या ओलिताला वावरात उभा असलेला माणूस मेल उघडत बसत नाही.

जोडणी करून घेणार असाल तर कारागिराला आधी नवं खातं काढायला लावा. काम झालं की त्याच्यासमोरच त्याने वापरलेला अ‍ॅप पासवर्ड रद्द करा आणि नवा काढून तो स्वतःच्या हाताने टाका.