कागदावरील प्रजासत्ताक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या पहिल्या कादंबरीचें हस्तलिखित आमच्यापुढें आणून ठेवलें. कथानक एका कल्पित संघराज्यांतील तितक्याच कल्पित अशा एका स्वायत्त प्रजासत्ताकांत घडतें. श्रम करण्यांत लेखकानें कसूर केलेली नाहीं. प्रजासत्ताकाचा नकाशा आहे. ध्वजाचे तीन रंग कां निवडले याची चार पानें मीमांसा आहे. राष्ट्रगीत आहे, टपालाच्या तिकिटांचीं चित्रें आहेत. आणि राज्यघटनेचीं पहिलीं बारा कलमें परिशिष्टांत जोडलेलीं आहेत. आम्हीं तें बाड आमच्या एका विद्वान् स्नेह्यांस दाखविलें. त्यांनीं कांहीं पानें चाळलीं, चष्मा काढला, आणि म्हणाले, "हीं खपुष्पें गुंफीत बसण्यापेक्षां यानें खऱ्या राज्यांविषयीं कांहीं लिहिलें असतें, तर त्याचें व वाचकांचें दोघांचेंही कल्याण झालें असतें."

आमचा वाद या दोघांशींही आहे. विद्यार्थ्याशीं थोडा, कारण तो तरुण आहे आणि चुकण्याचा त्याचा हक्क आम्ही मान्य करतों. स्नेह्यांशीं मात्र पुष्कळ. कारण त्यांचें वय आमच्याइतकेंच आहे. कादंबरींत असेल तें कल्पित आणि राज्यघटनेंत असेल तें खरें, ही त्यांची समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत इतकी रुजलेली आहे कीं, तिचा कोणी विचारच करीत नाहीं. राजमुद्रा उमटली कीं शब्दाची वस्तु झाली, असें आपण धरून चालतों. आमचें म्हणणें याच्या अगदीं उलट आहे. ज्या स्वायत्त प्रजासत्ताकाला मध्यवर्ती सत्ता त्याच्या प्रजेस न विचारतां पुसून टाकूं शकते, तें प्रजासत्ताक कादंबरीकाराच्या प्रजासत्ताकापेक्षां तिळभरही अधिक खरें नसतें. फरक इतकाच कीं, कादंबरीकारानें पान फाडलें तर कोणाचें घर जात नाहीं.

सन १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेचें बाविसावें कलम काढून पाहावें. रशियन संघीय प्रजासत्ताकांत मोडणाऱ्या सतरा स्वायत्त प्रजासत्ताकांचीं नांवें तेथें एकामागून एक दिलेलीं होतीं. प्रत्येकाला स्वतःची राज्यघटना, स्वतःचें विधिमंडळ, स्वतःचें मंत्रिमंडळ. आणि मॉस्को येथील राष्ट्रांच्या सभागृहांत प्रत्येकाचे अकरा प्रतिनिधि. संघराज्यांतून फुटून निघण्याचा अधिकार वरच्या पायरीवरील प्रजासत्ताकांस दिलेला होता, या स्वायत्तांस नव्हता. पण जो अधिकार वापरूं म्हणणाऱ्याची रवानगी कोठें झाली असती हें सर्वांस ठाऊक होतें, तो आपल्याला नाहीं म्हणून कोणी रडावें? आमच्या विद्यार्थ्याच्या बारा कलमांपेक्षां ही घटना पुष्कळच रेखीव होती, यांत शंका नाहीं.

आणि पुढें काय झालें? दहा वर्षांच्या आंत या सतरांपैकीं चार प्रजासत्ताकें नकाशावरून नाहींशीं झालीं. २८ ऑगस्ट १९४१ रोजीं व्होल्गाकांठच्या जर्मनांना हद्दपार करण्याचा हुकूम निघाला आणि दहा दिवसांनीं त्यांचा मुलूख साराटोव्ह व स्टालिनग्राड या दोन शेजाऱ्यांत वांटून टाकण्यांत आला. डिसेंबर १९४३ त काल्मिकांची पाळी आली. हे बौद्ध धर्माचे लोक. कॅस्पियन समुद्राजवळच्या माळावरून त्यांना ऐन हिवाळ्यांत सैबेरियांत धाडलें, आणि त्यांच्या राजधानीचें एलिस्ता हें नांव जाऊन 'स्तेप्नॉय' झालें. फेब्रुवारी १९४४ त चेचेन व इंगुश लोकांना गाड्यांत भरलें. ७ मार्चला त्यांचें प्रजासत्ताक रद्द झालें. काबार्डिनो-बाल्कार प्रजासत्ताकांतील बाल्कार लोक त्याच महिन्यांत हद्दपार झाले, तेव्हां तेथें प्रजासत्ताक न मोडतां त्याच्या नांवाचा अर्धा भाग तेवढा कापून टाकला. कारेलियाला तर १९४० त बढती मिळून तें वरच्या पायरीवर बसलें आणि १९५६ त पुन्हां खालीं उतरविलें गेलें. कचेरींतील कारकुनाला वर्ग बदलून मिळावा तशी ही प्रजासत्ताकांची बढती व उतरंड!

परंतु क्रिमियाची कथा या सर्वांहून विलक्षण आहे, आणि आमच्या मुद्द्याला तीच अधिक जवळची आहे. क्रिमिया हें १९२१ त स्वायत्त प्रजासत्ताक झालें. तेथील तार्तार लोक बहुसंख्य नव्हते. १९३९ त ते सुमारें एकपंचमांश होते. तथापि त्यांची भाषा रशियन भाषेच्या बरोबरीनें राज्यकारभाराची भाषा होती, आणि प्रजासत्ताक स्थापन होण्यास मुख्य निमित्त तेच होते. १८ मे १९४४ रोजीं पहांटे शिपाई दारांशीं आले. तीन दिवसांत एक लाख ऐंशी हजारांहून अधिक माणसें मालगाड्यांतून मुख्यतः उझबेकिस्तानाकडे रवाना झालीं. आतां वाचकांनीं तारखा नीट पाहाव्यात. माणसें गेलीं मे १९४४ त. प्रजासत्ताक मोडून त्याचा साधा जिल्हा करण्याचा हुकूम निघाला ३० जून १९४५ रोजीं. आणि या सर्वांस कायद्याचें रूप मिळालें जून १९४६ त. म्हणजे ज्यांच्या निमित्तानें तें राज्य निर्माण झालें, ते परमुलुखांत उपाशी मरत असतां त्यांचें प्रजासत्ताक तेरा महिने कागदावर सुखरूप नांदत होतें. आमच्या विद्वान् स्नेह्यांस आम्ही विचारतों, या तेरा महिन्यांतील प्रजासत्ताक खपुष्प नव्हे तर दुसरें काय?

नांवेंही राहूं दिलीं नाहींत. पुढील तीनचार वर्षांत हजारांहून अधिक गांवांचीं जुनीं नांवें बदलण्यांत आलीं. कारासुबाजार म्हणजे काळ्या पाण्याच्या कांठचा बाजार. त्याचें बेलोगोर्स्क, म्हणजे पांढऱ्या डोंगराचें गांव झालें. काळ्याचें पांढरें करणें हा वाक्प्रचार इतक्या शब्दशः अंमलांत आणलेला आम्हीं दुसरीकडे पाहिला नाहीं. १९६७ त सरकारनें तार्तारांवरील सरसकट आरोप मागें घेतला. पण त्या हुकुमांत त्यांचा उल्लेख 'पूर्वी क्रिमियांत राहणारे तार्तार' असा होता. परत जाऊं देण्याचें नांव नव्हतें. ते मोठ्या संख्येनें परतूं लागले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस.

आतां कल्पिताकडे वळूं. वासिली अक्स्योनव या रशियन लेखकाची 'क्रिमिया बेट' नांवाची कादंबरी १९८१ त अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. स्वदेशांत ती छापण्याची सोय नव्हती. तींत लेखकानें क्रिमियाची चिंचोळी संयोगभूमि तोडून टाकली आणि द्वीपकल्पाचें बेट केलें. १९२० त लाल सैन्य तेथें पोंचलेंच नाहीं. त्यामुळें बेटावर एक वेगळा, श्रीमंत, मोकळा आणि काहींसा उधळा असा देश उभा राहिला. परंतु या देशांतील बुद्धिमान् लोकांना स्वास्थ्य पचत नाहीं. एका वृत्तपत्राचा संपादक आणि त्याची मित्रमंडळी, आपलें दैव मायदेशाच्या दैवाशीं जोडावें, असा ध्यास घेतात. चळवळ होते, निवडणूक जिंकली जाते, आणि बेटानें संघराज्यांत आपणहून सामील होण्याची इच्छा मॉस्कोला कळविली जाते. उत्तरादाखल येतें तें सैन्य. आणि त्या स्वारीला सरकारी भाषेंत लष्करी क्रीडामहोत्सव असें नांव मिळतें.

आमचे स्नेही म्हणतील, बेटही खोटें आणि स्वारीही खोटी. खरें आहे. पण जी गोष्ट बाविसाव्या कलमाच्या शब्दांतून कधींच कळली नसती, ती या खोट्या बेटानें आम्हांस समजावून दिली: ज्याला बरोबरीचा करार ही कल्पनाच ठाऊक नाहीं, त्याच्याशीं बरोबरीनें करार करूं जाणारा आपल्या घराची किल्लीच त्याच्या हातीं देत असतो. अक्स्योनव जन्मला काझान येथें, म्हणजे अशाच एका स्वायत्त प्रजासत्ताकाच्या राजधानींत. आणि तो पांच वर्षांचा होण्यापूर्वीच त्याच्या आईला तेथूनच तुरुंगांत नेलें. कागदी स्वायत्तता म्हणजे काय, हें त्याला ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं.

काझानची पुढील हकीकतही ऐकण्यासारखी आहे. हा सर्व जुन्या राजवटीचा दोष होता, ती गेली आणि दोषही गेला, असें मानणाऱ्यांसाठीं ती मुद्दाम सांगतों. तार्तारस्तानानें १९९० त आपलें सार्वभौमत्व घोषित केलें, १९९२ त लोकमत घेतलें, आणि १९९४ त मॉस्कोशीं रीतसर तह केला. या वेळीं तरी प्रकरण बरोबरीचें दिसत होतें. १९९९ त तेथील विधिमंडळानें आपल्या भाषेसाठीं लॅटिन लिपि स्वीकारण्याचा कायदा केला. कोणत्या लिपींत लिहावें हें ज्याचें त्यानें ठरवावें, यापेक्षां लहान मागणी ती कोणती? २००२ त मॉस्कोनें कायदा करून सर्व प्रजासत्ताकांच्या राज्यभाषांस सिरिलिक लिपीचें बंधन घातलें. २००४ त घटना-न्यायालयानें तें उचलून धरलें. तहाची मुदत २०१७ त संपली आणि तो पुन्हां झाला नाहीं. त्याच वर्षी शाळांतील तार्तार भाषेची सक्ति गेली. शेवटीं राष्ट्राध्यक्ष ही पदवीही गेली, आणि २०२३ पासून तेथील प्रमुखास 'रईस' म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ श्रीमंत असा आहे. तेथें त्या पदवीनें काय श्रीमंती आली, तें वाचकांनींच ठरवावें.

क्रिमियाची आजची स्थिति तर कोणा कादंबरीकारासही सुचली नसती. १९९१ त त्याची स्वायत्तता परत आली, ती युक्रेनमध्यें. १९५४ तच तें युक्रेनकडे वर्ग झालेलें होतें. २०१४ त रशियानें तें बळकावलें. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेच्या बाजूनें १०० विरुद्ध ११ मतांनीं ठराव केला. आज हीच भूमि एका घटनेंत युक्रेनचें स्वायत्त प्रजासत्ताक आहे आणि दुसरींत रशियाचें प्रजासत्ताक. दोन्हींकडे कलमें आहेत, दोन्हींकडे ध्वज आहेत. तार्तारांच्या मजलिसीवर रशियानें २०१६ त बंदी घातली.

येथें एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. आपल्या राज्यघटनेचें तिसरें कलम तरी काय सांगतें? राष्ट्रपतींनीं राज्याच्या विधिमंडळाचें मत मागवावें, पण संसदेनें तें मानलेंच पाहिजे असें नाहीं. २०१९ त एका राज्याचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले, तेव्हां त्या राज्याची विधानसभा अस्तित्वांतही नव्हती. मग आपलीं राज्येंही कागदीच कीं काय? हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाहीं. महाराष्ट्र राज्यही संसदेच्याच कायद्यानें १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आलें. पण त्यामागें लोकांची मोठी चळवळ होती, आणि चळवळीपुढें दिल्लीला वांकावें लागलें, हाच कागद आणि राज्य यांतील फरक होय. जेथें वृत्तपत्र बोलूं शकतें, न्यायालयांत दाद मागतां येते, आणि सरकार मतांनीं पडूं शकतें, तेथें रेषा बदलली तरी माणूस आपल्या घरांत राहतो. तथापि तिसरें कलम अभिमानानें मिरविण्यासारखें आहे, असें मात्र आम्ही कधींच म्हणणार नाहीं. जेथें विधिमंडळाच्या संमतीवांचून राज्य तोडतां येत नाहीं, असे देश जगांत आहेत. त्यांत अमेरिका आहे.

विद्यार्थ्याला आम्हीं हस्तलिखित परत केलें, तेव्हां शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें थोडेसे प्रश्न लिहिले होते. तुझ्या प्रजासत्ताकांतील शाळामास्तराचा पगार कोण देतो? तो फळ्यावर कोणत्या लिपींत लिहितो, आणि ती बदलण्याचा हुकूम आला तर कोणाकडे दाद मागतो? हें प्रजासत्ताक कोणाच्या सहीनें संपूं शकतें? त्यानें पान वाचलें आणि कांहीं न बोलतां तो गेला. रागावला असावा, असें आम्हांस वाटलें.

मागील आठवड्यांत तो पुन्हां आला. ध्वजाचीं चार पानें त्यानें काढून टाकलीं आहेत, परिशिष्टही गेलें आहे. नव्या प्रकरणांत एका लहान गांवचा पोस्टमास्तर आहे. राजधानीहून त्याच्याकडे गांवांच्या नव्या नांवांची यादी आली आहे, आणि जुन्या नांवांचीं पत्रें अजून रोज येतच आहेत. पुढें काय करावें हें त्या पोस्टमास्तराला सुचत नाहीं, आणि तूर्त लेखकालाही सुचलेलें नाहीं. तिकिटें मात्र त्यानें ठेवलीं आहेत.